क्षेत्रकार्याची वही

समाजकार्य या विषयाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमास प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती पहिल्या काही आठवड्यांतच दोन गोष्टी येतात. एक म्हणजे एखाद्या रुग्णालयाला, शाळेला, बालगृहाला किंवा वस्तीतील केंद्राला उद्देशून लिहिलेले नियुक्तिपत्र, आणि दुसरी म्हणजे कोरी वही. आठवड्यातील दोन दिवस, सर्वसाधारणपणे पंधरा तास, त्याने त्या संस्थेत काम करावे आणि तेथे जे पाहिले, ऐकले, बोलले व केले ते वहीत लिहून पर्यवेक्षकापुढे ठेवावे, अशी अपेक्षा असते. या कामाला क्षेत्रकार्य म्हणतात. उरलेल्या दिवशी समाजशास्त्र, मानसशास्त्र, समाजकल्याणाचे कायदे, संशोधनपद्धती इत्यादींवरील व्याख्याने होतात. परंतु दोन वर्षांच्या अखेरीस विद्यार्थ्याला काय साधले आणि काय साधले नाही, याचा खरा निवाडा त्या वहीवरूनच होतो. बहुतेक विद्यापीठांत क्षेत्रकार्यात स्वतंत्रपणे उत्तीर्ण व्हावे लागते. लेखी परीक्षेतील उत्तम गुण तेथे उपयोगी पडत नाहीत.

लोकांच्या उपयोगी पडावयास पदवी कशाला हवी, असा प्रश्न या ठिकाणी कोणाच्याही मनात येईल. आपल्या देशात तर हा प्रश्न मुळीच अप्रस्तुत नाही. महर्षी कर्व्यांनी १८९६ मध्ये पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढला, गोखल्यांनी १९०५ मध्ये भारत सेवक समाजाची स्थापना केली, त्याच समाजाचे सभासद ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये मुंबईत सोशल सर्व्हिस लीग उभारून कामगारवस्तीत काम सुरू केले. यांपैकी कोणीही समाजकार्याचे पदवीधर नव्हते. त्यांनी केलेल्या कामाची बरोबरी करणारे पदवीधर पुढेही फार निघाले, असे म्हणता येणार नाही.

तरीही शिक्षणाची गरज भासली, ती एका कटू अनुभवातून. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंड-अमेरिकेतील मोठ्या शहरांत दानधर्माचे नियमन करणाऱ्या संस्था निघाल्या. लंडनमधील अशी संस्था १८६९ मधील. सुखवस्तू घरांतील स्वयंसेविका गरिबांच्या घरी जात, चौकशी करीत आणि हे कुटुंब मदतीस पात्र आहे की अपात्र, हे ठरवीत. त्यांच्या सद्‌भावनेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण घरात दारूची बाटली दिसली की कुटुंब अपात्र, आणि चूल सारवलेली दिसली की पात्र, अशा झटपट निवाड्यांनी कित्येक गरजू माणसे वाऱ्यावर सुटली. सद्‌भावना असलेली व्यक्तीही दुसऱ्याचे आयुष्य स्वतःच्या घरच्या मापाने मोजते, आणि ही खोड आपोआप जात नाही, हे हळूहळू ध्यानात आले. १८९८ मध्ये न्यूयॉर्क येथे अशा कार्यकर्त्यांसाठी सहा आठवड्यांचा उन्हाळी वर्ग भरला. पुढल्याच वर्षी अ‍ॅमस्टरडॅम येथे स्वतंत्र शाळा निघाली. १९१५ मध्ये अब्राहम फ्लेक्सनर यांनी बाल्टिमोर येथील परिषदेत, समाजकार्याला शिकवता येईल असे स्वतःचे तंत्र नाही, सबब तो अद्याप व्यवसाय नव्हे, असे स्पष्टपणे सांगितले. मेरी रिचमंड यांचा ‘सोशल डायग्नोसिस’ हा ग्रंथ १९१७ मध्ये प्रसिद्ध झाला. एखाद्या व्यक्तीच्या अडचणीविषयी पुरावा कसा गोळा करावा, तो कसा पडताळावा आणि मगच निष्कर्षाकडे कसे यावे, याचे विवेचन करणारा तो ग्रंथ होय. विद्यार्थ्याच्या वहीचे मूळ तेथे आहे.

भारतात ही पद्धत आली ती मुंबईच्या नागपाड्यात. अमेरिकन मराठी मिशनने तेथे चालविलेल्या ‘नेबरहुड हाऊस’चे संचालक क्लिफर्ड मॅन्शार्ट यांनी प्रशिक्षित कार्यकर्त्यांच्या शाळेची योजना मांडली, सर दोराबजी टाटा विश्वस्त निधीने ती उचलून धरली आणि १९३६ मध्ये त्याच इमारतीत सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झाले. पहिल्या तुकडीत वीस विद्यार्थी होते. जागेची निवड सोयीची खरी, पण ती फार बोलकीही ठरली: शाळेच्या दारातून बाहेर पडले की भायखळ्याच्या गिरणी कामगारांच्या चाळी आणि कामाठीपुऱ्याच्या गल्ल्या. क्षेत्र शोधावयास जाण्याची आवश्यकताच नव्हती. हीच संस्था १९४४ पासून टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस या नावाने ओळखली जाऊ लागली, आणि १९६४ मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. वाय. डब्ल्यू. सी. ए. च्या पुढाकाराने १९४६ मध्ये लखनौला निघालेले विद्यालय पुढल्या वर्षी दिल्लीस आले आणि दिल्ली विद्यापीठाशी जोडले गेले. काशी विद्यापीठ, बडोदा, मद्रास, नागपूर, पुणे अशी ही साखळी पुढे वाढत गेली. मद्रासच्या विद्यालयामागे मेरी क्लबवाला-जाधव यांच्यासारख्या अनुभवी कार्यकर्तीचे परिश्रम होते.

फाळणीनंतर कुरुक्षेत्राच्या निर्वासित छावणीत टाटा संस्थेचे अध्यापक व विद्यार्थी कामाला गेले होते. घर, गाव आणि आप्त एकाच आठवड्यात गमावलेल्या हजारो माणसांच्या रांगेपुढे बसून रिचमंडबाईंच्या प्रकरणांचा उपयोग किती झाला असेल, याची कल्पनाच केलेली बरी. व्यक्तीची अडचण व्यक्तीच्या स्वभावात किंवा घरात शोधणारे हे शास्त्र, संपूर्ण लोकसमूहाच्या अडचणीपुढे अपुरे पडते, ही गोष्ट भारतीय अध्यापकांना तेव्हापासून सतावीत आली आहे.

दुसरी अडचण अधिक व्यावहारिक होती. १९४८ च्या कारखाना अधिनियमाने पाचशे किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यांत कल्याण अधिकारी नेमणे बंधनकारक केले. समाजकार्याच्या पदवीधरांना त्यामुळे एकदम एक निश्चित, पगारी दार उघडले. रुग्णालयात, बालगृहात वा वस्तीत मिळणाऱ्या वेतनाशी त्या पगाराची तुलना होणे शक्य नव्हते, आणि म्हणून श्रमकल्याण व कर्मचारी व्यवस्थापन या शाखेकडे हुशार विद्यार्थ्यांचा ओघ अनेक वर्षे लागून राहिला. त्यात त्यांचा दोष काढणे अन्यायाचे होईल. घरी पैसे पाठवावे लागणाऱ्या मुलाने कारखान्याची नोकरी पत्करली तर त्यात नवल ते काय? पण ज्या शिक्षणाचा जन्म गरिबाच्या दारात झाला, त्याचे टोक कारखान्याच्या कार्यालयात जाऊन अडकले, ही वस्तुस्थिती नाकारता येत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने नेमलेल्या दुसऱ्या आढावा समितीचा अहवाल १९८० मध्ये प्रसिद्ध झाला. दारिद्र्य आणि विकास यांना अभ्यासक्रमाचे केंद्र करावे, केवळ बिघडलेले दुरुस्त करीत बसू नये, असा त्याचा रोख होता.

आता त्या वहीकडे वळू. तिच्यात काय लिहावे याचे संकेत सर्वत्र थोडेफार सारखे आहेत. दिनांक, वेळ, भेटीचा हेतू, भेटीत घडलेला संवाद शक्य तितका जसाच्या तसा, विद्यार्थ्याने केलेली कृती, आणि शेवटी, वेगळ्या समासात किंवा वेगळ्या परिच्छेदात, त्याला स्वतःला काय वाटले व तो काय समजला. हा शेवटचा भाग वेगळा ठेवणे अत्यंत महत्त्वाचे. ‘बाई खोटे बोलत होती’ हे वाक्य संवादाच्या नोंदीत आले तर पर्यवेक्षक त्याखाली तांबडी रेघ ओढतो. बाई काय बोलली ते लिहावे. ती खोटे बोलत असावी असे वाटल्यास ते समासात लिहावे आणि तसे का वाटले तेही लिहावे. ऐकताना ही गोष्ट सोपी वाटते, परंतु पदवीधर तरुणांनाही तिची सवय लागण्यास एक संपूर्ण सत्र जाते. मराठी शाळेत निबंध लिहून तयार झालेल्या लेखणीला तर विशेषणांवाचून चालताच येत नाही.

ज्याला साहाय्य करावयाचे त्याला काय म्हणावे, हाही वाद आहे. इंग्रजी ‘क्लायंट’ला कोणी अशील म्हणतात, कोणी सेवार्थी. पहिल्या शब्दाला कोर्टाचा वास येतो, दुसऱ्याला देवळाचा. वहीत त्या माणसाचे नाव लिहिले जात नाही, हे मात्र सर्वमान्य आहे.

ही वही कशी वाचली जाते ते समजण्यासाठी उदाहरणादाखल एक प्रसंग कल्पू या. सुरतेतील एका सरकारी क्षयरोग केंद्रात द्वितीय वर्षाच्या विद्यार्थिनीची नियुक्ती झाली आहे. ओडिशातील गंजाम जिल्ह्यातून येऊन यंत्रमागावर काम करणारा पस्तिशीचा एक कामगार दोन महिने औषधे घेऊन यावयाचा थांबतो. साध्या क्षयाचा औषधोपचार सहा महिन्यांचा. मध्येच सोडल्यास रोग उलटतो आणि मग नेहमीची औषधे लागू पडेनाशी होण्याचा धोका असतो. विद्यार्थिनी पत्ता शोधून त्याच्याकडे जाते आणि वहीत लिहिते: ‘खोकला थांबल्याने रुग्णाने बेफिकिरीने औषध सोडले आहे. त्याला आजाराचे गांभीर्य समजावून सांगितले. त्याने मान डोलावली.’

पर्यवेक्षिका तीन प्रश्न विचारते. खोकला थांबल्याने औषध सोडले, असे तो म्हणाला काय? बोलणे कोणत्या भाषेत झाले? आणि त्या वेळी खोलीत आणखी कोण होते?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी असते; ते अनुमान वर्गातील व्याख्यानावरून केलेले. बोलणे हिंदीत झाले, जी तिचीही भाषा नव्हे आणि त्याचीही नव्हे. आणि खोलीत आणखी सहा माणसे झोपलेली होती. या कामगारांची राहण्याची व्यवस्था मेसमध्ये असते. दिवसपाळीचे लोक कामावर गेले की त्याच अंथरुणांवर रातपाळीचे लोक झोपतात. त्या खोलीत, झोपेचे सोंग घेतलेल्या असोत वा खरोखर झोपलेल्या असोत, सहा सोबत्यांच्या देखत ‘क्षय’ हा शब्द उच्चारून विद्यार्थिनीने त्याला मान डोलावण्याखेरीज दुसरा मार्ग ठेवला नव्हता.

पर्यवेक्षिका तिला दोष देत नाही. ती एवढेच सुचविते की पुढची भेट मेसमध्ये घेऊ नये, आणि काही सांगण्यापूर्वी विचारावे. दुसरी भेट चहाच्या टपरीपाशी होते. नोंद आता लांबते, तिच्यातील विशेषणे कमी होतात. पाळी बारा तासांची, मजुरी कापडाच्या मीटरवर. केंद्रात औषध मिळण्याची वेळ आणि त्याची पाळी एकच. एक खाडा म्हणजे एका दिवसाची मजुरी गेली, आणि खाडे वाढले तर मागही जाण्याची भीती. त्याहून मोठी भीती मेसची. आजार कळला तर अंथरूण जाईल, आणि अंथरूण गेले तर या शहरात दुसरे मिळणार नाही. पोषणासाठी सरकारकडून २०१८ पासून क्षयरुग्णांच्या बँक खात्यात जमा होणारी मासिक रक्कम त्याला मिळालेली नाही, कारण खाते गावी आहे आणि त्याचे कागद भावापाशी. बेफिकिरी म्हणून जी गोष्ट नोंदली गेली होती, ती प्रत्यक्षात फार बारकाईने केलेला हिशेब होता, असे समासात लिहिलेले आढळते.

या हिशेबात विद्यार्थिनीने काय बदल घडवून आणावा? औषध पाळीच्या वेळेबाहेर मिळावे म्हणून केंद्राच्या अधिकाऱ्यांशी बोलणे हे तिच्या हातातले आहे. तेवढे ती करते आणि ते जमते. परंतु बारा तासांची पाळी तिच्या हातातली नाही, मेसमधील दाटीही नाही. येथेच दिल्लीपासून केरळपर्यंतच्या वर्गांत चालणारा जुना वाद पुन्हा उभा राहतो. एक पक्ष म्हणतो, एका माणसाचा उपचार पुरा झाला तर तेच समाजकार्य. दुसरा म्हणतो, त्या गल्लीतील सर्व मेसवाले, कामगार आणि आरोग्यकेंद्र यांना एकत्र बसविल्याखेरीज पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्यालाही हीच वही लिहावी लागेल. अभ्यासक्रमात पहिल्याला व्यक्तिसहाय्य व दुसऱ्याला समुदाय संघटन असे नाव देऊन त्यांचे वेगळे पेपर ठेवले आहेत, ही सोय केवळ परीक्षेची. टाटा संस्थेने पुढे दलित व आदिवासी अध्ययनाची स्वतंत्र शाखा काढली, त्यामागेही हीच जाणीव दिसते: जात आणि जमीन यांना पार्श्वभूमी मानून बाजूला ठेवले तर नोंदीतील माणूस कळतच नाही.

काही वेळा वहीतील नोंदींतून आणि प्रत्यक्ष कामातून एखादी कायमची व्यवस्था उभी राहते. मुंबई पोलिसांच्या सहकार्याने १९८४ मध्ये सुरू झालेला स्त्रिया व मुलांसाठीचा विशेष कक्ष आणि संकटातील मुलांसाठी १९९६ मध्ये सुरू झालेली १०९८ ही दूरध्वनी सेवा, ही दोन्ही कामे टाटा संस्थेच्या क्षेत्र-कृती प्रकल्पांतून निघाली. पहिल्याचे अनुकरण इतर राज्यांत झाले. दुसरीचे संचालन २०२३ पासून शासनाकडे गेले. अर्थात अशी उदाहरणे हाताच्या बोटांवर मोजण्याजोगी. बहुसंख्य वह्या गुण मिळाल्यावर कपाटात जातात.

सुरतेच्या प्रसंगाला पुढे आणखी एक वळण मिळते, आणि अध्यापनाच्या दृष्टीने ते सर्वांत कठीण असते. चौथ्या महिन्यात तो कामगार गावी जाण्याचे ठरवतो. घरी लग्न आहे, आणि आता अंगात ताकद आहे. विद्यार्थिनीला हे मान्य नाही. उपचार येथेच पूर्ण व्हावा, असा तिचा आग्रह. तिच्या नोंदीतील भाषा पुन्हा पहिल्या भेटीसारखी होऊ लागते. ‘समजावले’, ‘बजावले’ ही क्रियापदे परत येतात. फेलिक्स बायस्टेक या जेझुइट अध्यापकाने १९५७ मध्ये व्यक्तिसहाय्याची जी सात तत्त्वे मांडली, ती प्रत्येक विद्यार्थ्याला तोंडपाठ असतात. साहाय्य घेणाऱ्याचा आपला निर्णय आपण घेण्याचा हक्क, हे त्यांपैकी एक. उत्तरपत्रिकेत त्याला पाच गुण सहज मिळतात. ते तत्त्व स्वतःच्या काळजीच्या आड येते तेव्हा काय करावे, हे मात्र उत्तरपत्रिकेत विचारले जात नाही.

पर्यवेक्षिका येथे एकच प्रश्न करते: तो गेला तर औषध थांबेल, हे नक्की की औषध गावीही मिळू शकते? क्षयरोग कार्यक्रम संपूर्ण देशात चालतो, आणि रुग्णाचे नाव एका केंद्राकडून दुसऱ्याकडे वर्ग करता येते. विद्यार्थिनीला हे ठाऊक होते, पण तिच्या मनात तो आपला रुग्ण झाला होता. पुढील दोन आठवड्यांच्या नोंदी कागदोपत्री कामाने भरल्या आहेत. गंजाम जिल्ह्यातील कोणते केंद्र त्याच्या गावाला जवळचे, तेथील कर्मचाऱ्याशी दूरध्वनीवरून बोलणे, ओडियात दोन वाक्ये सांगू शकेल असा माणूस मेसमध्येच शोधणे, आणि त्यासाठी अर्थातच आधी त्याची परवानगी घेणे. परवानगी त्याने दिली. ज्या सोबत्यापासून तो आजार लपवीत होता, त्यालाच त्याने दुभाषी म्हणून निवडले, ही नोंद पर्यवेक्षिकेने दोनदा वाचली आणि समासात फक्त एक बरोबरची खूण केली.

मार्चमध्ये विद्यार्थिनीची नियुक्ती संपते. नात्याचा शेवट कसा करावा, हाही अभ्यासक्रमातील एक विषय आहे. एकाएकी येणे बंद करू नये, अखेरच्या तारखेची कल्पना आधीच्या भेटींत द्यावी, भेटवस्तू घेऊ अगर देऊ नये, पुन्हा भेटण्याची खोटी आश्वासने देऊ नयेत, असे त्याचे नियम आहेत. या प्रसंगात आधी निघून जाणारा तो होता, ती नव्हे. आणि पाठ्यपुस्तकात याविषयी फारसे काही लिहिलेले नाही. तिच्या वहीची शेवटची नोंद अर्ध्या पानाची आहे. गाडीचा दिवस, दीड दिवसाच्या प्रवासाला व पुढील पंधरवड्याला पुरतील इतक्या गोळ्या, वर्ग केल्याच्या कागदाची एक प्रत त्याच्यापाशी आणि एक केंद्रात, गंजामच्या कर्मचाऱ्याचा क्रमांक. त्याखाली, जून महिन्यात या केंद्रात येणाऱ्या नव्या विद्यार्थ्यासाठी सूचना: पहिल्या आठवड्यात त्या क्रमांकावर विचारणा करावी, सहावा महिना पुरा झाला काय ते नोंदवावे, आणि मेसमधील दुभाष्या सोबत्याची थुंकी तपासून घेण्याविषयी त्याच्याशी, खोलीबाहेर, बोलावे.